सगळ्यात खालची बाल्कनी

बोटीच्या सफरीहून आल्यापासून सोसायटीतल्या बायका मला एकच विचारतात, केबिन कुठली घ्यायची? बिनखिडकीची, खिडकीची की बाल्कनीची? मी सांगते, जमत असेल तर बाल्कनीची घ्या. मग पुढचा प्रश्न येतो, "समुद्र मस्त दिसत असेल ना?" इथे माझी पंचाईत होते. कारण आम्ही बाल्कनी घेतली आणि शेवटची सकाळ सोडली तर आम्हाला समुद्र दिसलाच नाही. तरी मी बाल्कनीचीच घ्या म्हणते. असं का, ते जिन्यात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

वाशी

बोटीची कल्पना माझी नव्हती. माझ्या नणंदेची, कुमुदवन्संची. त्या बेलापूरला एका सरकारी ऑफिसात नोकरी करतात आणि कोपरखैरण्याला आमच्याकडेच राहतात. मूलबाळ नाही. त्यांचे यजमान मधुकरराव मालवाहू जहाजावर होते. लग्नानंतर काही वर्षांनी एका पहाटे, जहाज सिंगापूरजवळ आलेलं असताना, ते जहाजावर सापडले नाहीत. ड्यूटीवर आले नाहीत म्हणून शोधलं, तर केबिनमध्ये अंथरूण तसंच आणि चपला कॉटखाली. समुद्रात पडले असावेत, असं कंपनीने कळवलं. बारा वर्षं वाट बघून अंत्यविधी करतात आपल्याकडे, पण तेरावं वर्ष सरलं तरी वन्संनी तो करू दिला नाही. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, एकदा विषय काढला तर त्या पानावरून उठून गेल्या. पुन्हा कोणी काढला नाही.

अशा बाईने एका रविवारी पेपरातली जाहिरात माझ्यापुढे धरली. सिंगापूर, तिथून बोटीने मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग आणि परत. "येतेस?" एवढंच म्हणाल्या.

वाशीच्या टूरवाल्या दोशींनी टेबलावर बोटीचा नकाशा पसरला. आख्खी बोट कलिंगडासारखी उभी चिरलेली, आत रंगीत चौकोन. "हे पिवळे म्हणजे आतले. खिडकी नाही, पण झोप फर्स्ट क्लास. निळ्यांना खिडकी, ती उघडत नाही. हिरव्यांना बाल्कनी. तशा थोड्याच आहेत. पण मॅडम, केबिनमध्ये बसतं कोण? खाणं, हाउजी, मॅजिक शो, टाइम कुठे मिळतो?"

मला पिवळा चौकोन पटला होता. दोशींनी मग बाकीची अक्कलही शिकवली, आणि ती खरी निघाली. मधली केबिन घ्यावी, कमी हलते. अगदी मागची नको, खाली इंजिन धडधडतं. लिफ्टजवळची नको, नाचाच्या हॉलखालची तर मुळीच नको. आणि बाल्कनी घ्यायचीच तर समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हे आधी विचारावं.

वन्सं सगळं ऐकून घेत होत्या. मग त्यांनी हिरव्या रांगेवरून बोट फिरवलं. "ह्यातली पाण्याच्या सगळ्यात जवळची कुठली?"

दोशी हसले. "सगळे वरची मागतात मॅडम. व्ह्यू वर असतो."

"मला खालची पाहिजे. बाल्कनीची सगळ्यात खालची."

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. संध्याकाळी श्रीकांत तळोज्याहून कामावरून आला, त्याला सांगितलं. तो बूट न काढताच खुर्चीत बसला. मग म्हणाला, "कारखान्यात दुरुस्तीचा शटडाऊन चालू आहे, सुट्टी मिळणार नाही. तू जा. आणि लक्ष ठेव."

"कसलं लक्ष?"

"कळतंय तुला," तो म्हणाला.

बोटीवर

त्या वर्षी सुमात्रा बेटावरची जंगलं पेटली होती. धूर समुद्र ओलांडून सिंगापूरपर्यंत आला होता. तोंडाला फडकी लावलेली माणसं शांतपणे सिग्नलला उभी. टूरचा माणूस "थोडा फॉग आहे" म्हणत होता, पण वास लपत नव्हता. आमच्याकडे पहाटे कारखान्यांतून गॅस सोडतात तेव्हा आपण उठून खिडक्या लावतो. इथे लावायला खिडकीच नव्हती, सगळं आकाशच तसं.

बोट मात्र झगझगीत. आत शिरताच थंडगार हवा, काचेची झुंबरं, पायाखाली पाऊल रुतेल असा गालिचा. आमच्या केबिनचा माणूस दार उघडून उभा होता. छातीवर नाव, हरेश. मी इंग्रजी जुळवत होते, तेवढ्यात त्याने आमच्या बॅगेवरचा पत्ता वाचला.

"कोपरखैरनं? अवं मंग तुमी गाववाल्याच की! मी करंज्याचा. उरन."

चाळिशीचा, पोट सुटलेला, हसरा गडी. त्याला बघून मला एवढं हायसं वाटलं की पहिल्याच भेटीत लसणीच्या चटणीची पुडी त्याच्या हातात ठेवली.

केबिन आमच्या हॉलपेक्षा लहान. दोन पलंग, आरसा, आणि पडद्यामागे काचेचं सरकतं दार. वन्संनी पर्स खांद्यावरून न उतरवताच ते सरकवलं. बाल्कनीत दोन खुर्च्या मावतील एवढी जागा, कमरेच्या वरपर्यंत कठडा. खाली बघितलं तर पाणी करड्या रंगाचं, आणि थोडं पुढे तेही नाही. फक्त धूर. सूर्य डोक्यावर होता, पण त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. नारिंगी, गोळीसारखा.

"जवळ आहे," वन्सं म्हणाल्या. पाण्याबद्दल म्हणाल्या.

निघायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेटं घालून डेकवर उभं करतात. नवख्या माणसाला ही गंमत वाटते, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. धुरात माणसांच्या रांगा, सगळ्यांच्या अंगावर एकच रंग, पलीकडच्या रांगेतले चेहरे दिसत नाहीत. वन्संनी माझ्या जॅकेटचे बंद आवळून बांधले. स्वतःचे सैल ठेवले. मी पुढे झाले आणि त्यांचे आवळले.

धुरात

खाण्याचं सांगायलाच हवं, त्याशिवाय कुठलंच प्रवासवर्णन पुरं होत नाही. सकाळी सहा प्रकारचे पाव, एक 'इंडियन' काउंटर, तिथे डाळीत साखर आणि भातात काजू. आमच्या ग्रुपमधल्या घाटकोपरच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी आपले लोणच्याचे डबे टेबलावर मांडले आणि आम्हाला हाका मारल्या. फार प्रेमळ माणसं. दिवसभर हाउजी खेळायची.

पण काचेबाहेर काही नव्हतं. भर दुपारी डेकवर दिवे लावलेले. बोट अगदी हळू जात होती आणि थोड्या थोड्या वेळाने भोंगा द्यायची. लांब, जाड आवाज, तळपायातून वर येणारा. आत माइकवर कोणी आकडा पुकारायचं, टाळ्या पडायच्या, मग भोंगा व्हायचा आणि क्षणभर सगळे बोलायचे थांबायचे. कधीकधी त्या भोंग्याला दुरून दुसऱ्या बोटीचा भोंगा उत्तर द्यायचा. कुठून, ते कळायचं नाही. एकदा तो इतक्या जवळून आला की हाउजीवाल्या काकूंनी पटकन नवऱ्याचा हात धरला.

वन्सं जेवायला यायच्या, पानात वाढून घ्यायच्या, अन्न इकडचं तिकडे करून उठायच्या आणि परत बाल्कनीत. मी मागोमाग. हरेश येऊन सांगायचा, "ताई, भायेर नका बसू. खोकला लागंल." त्या मान हलवायच्या आणि तिथेच बसायच्या. पदर नाकाला लावून, समोर बघत. समोर बघण्यासारखं काहीच नसताना माणूस इतकं टक लावून बघतं, तेव्हा शेजारी बसणाऱ्याला भीती वाटायला लागते. मलाही धुरात आकार दिसायला लागले. एखादा खांब, एखादी पाठ. पापणी हलवली की नाहीसे.

"काय बघता वन्सं?" मी एकदा विचारलं.

"बघत नाही गं. ऐकते."

बाल्कनीच्या दाराकडचा पलंग मीच मागून घेतला होता. झोपताना सरकत्या दाराच्या कडीला माझी ओढणी बांधायचे. त्यांनी ते पाहिलं होतं.

पेनांगला उतरलो. तिथलं सर्पांचं देऊळ, रस्त्यावरच्या नूडल्सच्या गाड्या हे सगळं इतरांनी बघितलं. आम्ही दोघी बंदराजवळच्या बाकावर बसून नारळपाणी प्यायलो आणि परत केबिनमध्ये आलो. बोट उलटी फिरली.

परतीच्या त्या दुपारी मी जेवून जरा आडवी झाले होते. डोळा लागला नव्हता. बाल्कनीतून वन्संचा आवाज आला, स्पष्ट, घरात कोणी दारावर आलं की देतात तसा.

"आले, आले! थांबा!"

मी धावले. वन्सं कठड्याच्या खालच्या आडव्या दांडीवर एक पाय ठेवून वर चढल्या होत्या. कमरेपासून वरचं अंग बाहेर. मी त्यांच्या निऱ्या आणि दंड, जे हाती लागलं ते धरलं आणि मागे ओढलं. आम्ही दोघी खुर्चीवर आदळलो.

"सोड! वाजवतायत ना, ऐक!"

"कोणी नाही वन्सं! आत चला आधी!"

"वृंदा, तू गप्प राहून ऐक तरी!"

मी त्यांना घट्ट धरून गप्प राहिले. भोंगा होऊन गेला होता. इंजिनाची घरघर, पाण्याची सळसळ. आणि मग मला ऐकू आलं.

ठण. थोडं थांबून ठण ठण. डबा उलटा धरून वाजवावा तसा. डावीकडून, खालून, पाण्याच्या पातळीवरून.

शेजारच्या बाल्कनीत नवं लग्न झालेलं जोडपं उभं होतं. मी ओरडून विचारलं, "तुम्हाला ऐकू येतंय का? डबा वाजतोय?" दोघांनी माना हलवल्या. "नाही हो काकी. काय झालं?"

ठण ठण.

मी केबिनची घंटा दाबत सुटले. हरेश आला, बाल्कनीत उभा राहिला, कानामागे हात धरला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला काही ऐकू येत नाही. तो वन्संकडे बघायला लागला. कठड्यावरून त्यांना ओढताना साडी फाटली होती, तेही त्याने पाहिलं.

"हरेश," वन्सं म्हणाल्या, "तिथे माणूस आहे. मी वेडी नाही. ही पण ऐकते आहे."

तो माझ्याकडे वळला. मी खरंच ऐकलं होतं. पण मला हेही कळत होतं की मी 'हो' म्हटलं आणि तिथे काही नसलं, तर वन्संना परत आत आणणं माझ्या हातात राहणार नाही.

"हो," मी म्हणाले. "मीही ऐकलं."

हरेशने फोन उचलला. गोरा, तरुण ऑफिसर आला, त्याने वन्संना दिशा विचारली. त्यांनी हात लांब करून दाखवली आणि तो हात खाली घेतलाच नाही. बोटीची घरघर बदलली, मग थांबली. एवढ्या मोठ्या बोटीचं इंजिन थांबतं तेव्हा जी शांतता होते, ती मी कधी विसरणार नाही. हाउजीसुद्धा थांबली होती. वरून एक छोटी होडी खाली सोडली, ती धुरात शिरली आणि दिसेनाशी झाली. होडीतल्या खलाशांची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. डबा वाजायचा केव्हाच थांबला होता.

वन्संचा हात तसाच. मी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला होता.

होडी आली तेव्हा तिच्यामागे दोरीने ओढलेली एक लाकडी मासेमारीची नाव होती. होडीत एक माणूस आडवा. काळासावळा, पांढरी दाढी, तोंडाला पांढरा थर. वरच्या डेकवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. वन्संनी तो चेहरा नीट बघितला. अगदी नीट. मग त्यांचा हात खाली आला.

"हे नाहीत," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पलंगावर बसल्या.

हरेशने सांगितलं ते

चहाच्या वेळेला हरेश आला. चहा ठेवला तरी जाईना. बोटीवरच्या कुणा इंडोनेशियन खलाशाने त्या म्हाताऱ्याशी बोलून घेतलं होतं. नावेचं इंजिन बंद पडलं, धुरात दिशा कळेना, पाणी संपलं. दिवस किती गेले ते त्यालाच ठाऊक नव्हतं. वाचेल, डॉक्टर म्हणतात.

"गाव कुठे त्याचं?" वन्संनी विचारलं.

"हितंच. धूर नसता तर म्हने नावेतनं घर दिसलं असतं."

वन्सं चहाचा कप धरून बसल्या. हरेश पायांची चाळवाचाळव करत होता.

"ताई, एक इचारू? तुमी डबा ऐकला ना, नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

"त्येच्या नावंत डबा नव्हता. मी सोता बगून आलो. जालं नि पलास्टिकचा क्यान. म्हातारा म्हनतो, सकालपासून तो हलला पन नाय. आवाज द्यायला गल्यात जोर नव्हता. पडून होता, येवढंच."

"मग वाजवत कोण होतं?"

हरेशने सरकत्या दाराकडे बघितलं. ते उघडंच होतं. त्याने जाऊन ते लावलं.

"मला नका इचारू," तो म्हणाला. "मी हे घरी पन सांगनार नाय."

तो गेल्यावर मी दार लागलंय ना ते पुन्हा बघितलं. मला खूप काही सुचत होतं. दुसरी एखादी बोट असेल, पाण्यात तरंगणारं पिंप असेल, आमच्याच बोटीचा सुटलेला पत्रा असेल. आजही सुचतं. पण तो आवाज थांबून थांबून येत होता. कोणीतरी दमलं की थांबतं आणि पुन्हा सुरू करतं, तसा.

त्या संध्याकाळी वन्सं पोटभर जेवल्या. घाटकोपरच्या काकूंचं लोणचं दोनदा मागून घेतलं. मी ओढणी कडीला बांधायला लागले तर म्हणाल्या, "राहू दे गं. आता नाही."

शेवटची सकाळ

पहाटे पाऊस पडून गेला असावा. मी उठले तेव्हा काचेतून खरा उजेड येत होता. वन्सं बाल्कनीत उभ्या होत्या. मीही जाऊन उभी राहिले.

मला वाटलं होतं, धूर गेला की अथांग समुद्र दिसेल. समोर किनारा होता. हिरवा, सपाट, हात लांब केला तर लागेल असं वाटण्याइतका जवळ. नारळीची झाडं, पत्र्याची छपरं, एक चिमणी, वाळत टाकलेले कपडेही दिसत होते. एक मोटारसायकल किनाऱ्याने गेली. मध्ये पाण्यात जहाजांची ही रांग, ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकची लागते तशी.

"सिंगापूर जवळ आलं वाटतं," मी म्हणाले.

"हो. ही तीच जागा," वन्सं म्हणाल्या. "अशीच पहाटेची वेळ."

त्यांचा आवाज इतका सपाट होता की मी त्यांच्याकडे बघितलं. त्या किनाऱ्याकडे बघत होत्या.

"मला वाटायचं, मोठा समुद्र असेल. काळं पाणी, चारही बाजूंनी. तेरा वर्षं मी ते बघते आहे, डोळे मिटले की." त्या थांबल्या. "हे दाभोळची खाडी पोहून जायचे गं. पैज लावून. जाऊन परत यायचे."

घराघरांतून धूर निघत होता, साधा, चुलीचा. किनाऱ्यावर एक माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो. तो म्हातारा होता की तरुण, ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बोट पुढे सरकली आणि तो मागे पडला. वन्संनी वळून बघितलं नाही.

"चपला काढून गेले," त्या म्हणाल्या. "पडणारा माणूस चपला काढतो का?"

मग त्या आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या. व्यवस्थित, घडी घालून, फाटलेली साडी सगळ्यात खाली.

कोपरखैरणे

घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी स्वतःच श्रीकांतला सांगितलं, गुरुजींना बोलव. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. खाडीच्या काठी सगळी तयारी केली. श्रीकांत विधीला बसला. ऊन चढलं होतं, पलीकडे भरती लागत होती. वन्सं पुतळ्याशेजारी उभ्या होत्या, डोळे कोरडे.

गुरुजी वयस्कर, शिस्तीचे. अग्नी द्यायच्या आधी थांबले. म्हणाले, "ताई, एकदा विचारलं पाहिजे, रीत आहे. ते नक्की गेले ना? काही शंका असेल तर हा विधी करू नये."

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

वन्संनी पुतळ्यावरचं एक सुटलेलं पान नीट बसवलं.

"माझ्यापुरते गेले," त्या म्हणाल्या. "लावा."